नवतपा, जुरी आणि राहुल मेहरोत्रा

रविवार, रात्री उशिरा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते सगळ्यात तापाचे नऊ दिवस, सुरू झालाय आणि कूलरच्या आवाजात लिहायला बसलीये, त्यामुळे वाक्यं जरा वरच्या पट्टीत आली तर चालवून घ्या.

काल आमच्या आर्किटेक्चर कॉलेजात फायनल इयरची जुरी होती, म्हणजे पोरांचे प्रोजेक्ट तपासायचे. थिसिस बरे होते, त्याबद्दल नंतर कधीतरी. चहाच्या वेळी एका पोरानं विचारलं, "मॅडम, राहुल मेहरोत्रा नेमके आर्किटेक्ट आहेत का प्रोफेसर? काहून की मले तं त्यांच्या बिल्डिंगा कमी अन् पुस्तकंच जास्त दिसून राहिली." बाकीचे हसले. मी म्हणलं दोन्ही आहेत बाबा, आणि पुढच्याला शीटं लावायला सांगितलं. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही, कारण मलाही इथे नागपुरात लोक तेच विचारतात, फक्त इतक्या सरळ नाही. साइटवर ठेकेदार म्हणतो "मॅडम तुम्ही तर कॉलेजात शिकवता ना", म्हणजे सळईतलं तुम्हाला काय कळतं, आणि कॉलेजातले परमनंट लोक म्हणतात "तुमची काय, प्रॅक्टिस आहे", म्हणजे पीएचडी नाही. लिहिण्याबद्दल तर कोणी बोलतच नाही. कुठल्या दिवाळी अंकात लेख आला तर आई वाचते, तीही फोटो चांगला नाही आला म्हणते.

आपल्याकडे समज असा की आर्किटेक्टनं आधी तीसेक वर्षं बिल्डिंगा बांधायच्या, केस पांढरे झाले की शिकवायचं आणि गुडघे गेले, साइटवर चढवेना, की मग पुस्तक. मेहरोत्रांचा क्रम मी आज दुपारी वहीत मांडून बघितला तर तो असा अजिबातच नाहीये. अहमदाबादला सेप्टमध्ये आर्किटेक्चर, 1987 ला हार्वर्डमधून अर्बन डिझाइन, 1990 ला मुंबईत स्वतःचं ऑफिस, 1994 ते 2004 अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूटचे कार्यकारी संचालक, आणि 1995 ला इतिहासकार शारदा द्विवेदींबरोबर मुंबई कशी कशी वाढत गेली त्याच्यावरचं भलं जाडजूड पुस्तक. म्हणजे ऑफिस तेव्हा जेमतेम पाच वर्षांचं. आपण ज्या कामांमुळे आज त्यांचं नाव घेतो, तुळजापूरचा टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचा कॅम्पस, जयपूरचं हाथीगाव म्हणजे हत्ती-माहुतांची वसाहत, हैदराबादचं एका कंपनीचं ते हिरव्या भिंतीचं ऑफिस, ती सगळी नंतरची. शिकवणंही रिटायरमेंटचं नाही, 2003 पासून मिशिगन, मग एमआयटी, 2010 पासून हार्वर्ड, आणि मुंबईचं ऑफिस चालूच.

मला वाटतं लिहिणं हा त्यांचा सर्व्हे होता. प्लिंथ म्हणजे जोतं आखायच्या आधी आपण जमिनीची लेव्हल घेतो की नाही, तसं शहराची लेव्हल आधी घेऊन ठेवली. आणि त्याचा उपयोग फक्त त्यांना झाला असंही नाही. 2008 ला द्विवेदींबरोबरच मुंबईच्या आर्ट डेको, म्हणजे 1930-40 च्या काळातल्या शैलीच्या, बिल्डिंगांवर पुस्तक आलं, आणि 2018 ला मरीन ड्राइव्ह आणि ओव्हल मैदानाच्या त्याच बिल्डिंगा, समोरच्या व्हिक्टोरियन गॉथिकसकट, युनेस्कोच्या यादीत गेल्या. एका पुस्तकानं हे झालं म्हणणं बावळटपणा होईल, कितीतरी लोकांनी वर्षानुवर्षं खेटे घातलेत त्यासाठी. पण ज्याच्याबद्दल कोणी लिहिलंच नाही ते वाचवा म्हणून सांगायचं तरी कोणाला.

आता आपल्या नागपूरचं बघा. सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्ट, रोज किती लोक तिथून जातात, आमच्या थर्ड इयरच्या पोरांना विचारलं कोणी डिझाइन केलं तर सगळे छताकडे बघायला लागले. हेन्री मेड. नवी दिल्ली उभी करणाऱ्या लुट्येन्स आणि बेकरच्या हाताखाली काम केलेला माणूस, 1940 ला बिल्डिंगचं उद्घाटन झालं. कॉर्बुझिएची चंदीगढ मात्र सगळ्यांना पाठ, सेक्टर नंबरासकट. महाल भागातले जुने वाडे तर विचारूच नका, ते मोजायच्या आतच पडून तिथे स्टिल्ट प्लस फोर, खाली पार्किंग वर चार मजले, उभं राहतं.

हाथीगावचा फोटो पोरांनी पाहिलेला असतो, दगडी भिंत आणि पाण्यात हत्ती. फोटो छानच आहे. पण फोटोत क्रम दिसत नाही ना, आणि त्या कामात क्रमच सगळं काही आहे. आमेर किल्ल्याच्या पायथ्याशी, शंभर हत्ती आणि त्यांचे माहूत, त्यांची कुटुंबं, क्लायंट राजस्थान सरकार. जागा म्हणजे वाळू उपसून उपसून खड्डे पडलेली. तिथे घरं नंतर, आधी पाणी. पावसाचं वाहून जाणारं पाणी साठेल असे तलाव केले, झाडं लावली, जमीन जरा जिवंत झाली आणि मग घरं बसवली, अगदी लहान लहान, पण अंगणं ठेवून, म्हणजे कुटुंबाला छताबाहेर पसरायला जागा मिळते. हत्तीला रोज पाण्यात उतरायला लागतं, माहुताचं आणि त्याचं नातं त्या आंघोळीतच तयार होतं, म्हणजे तलाव हा लँडस्केपचा शो नाही, तो प्रोग्रॅमच आहे, म्हणजे बांधायची मूळ गरजच. इथे आम्ही काय करतो, तर सँक्शनच्या ड्रॉइंगमध्ये रेन वॉटर हार्वेस्टिंगचा एक गोल काढतो, पार्किंगच्या कोपऱ्यात, आणि कम्प्लिशन मिळालं की त्याच्यावर कोणाची तरी ॲक्टिव्हा उभी.

हैदराबादचं ऑफिस मला जास्त आवडतं आणि त्याचं कारण शुद्ध नागपुरी आहे. आत काँक्रीटची नेहमीची फ्रेम, तिच्यापासून जरा अंतर सोडून बाहेर ॲल्युमिनियमची जाळी, जाळीत ट्रे, ट्रेमध्ये मातीशिवाय वाढणाऱ्या वेली, आणि वरून बारीक फवारा. कोरडी हवा ओल्या पानांतून येते आणि गार होते. अरे हा तर आपला कूलर! माझ्या डाव्या हाताला आत्ता जे धडधडतंय तेच, खसच्या ताट्या, पंप आणि पंखा, फक्त तिथे ते अख्ख्या बिल्डिंगीला घातलंय. आणि गंमत म्हणजे नागपुरात दर मार्च-एप्रिलमध्ये अख्ख्या शहराचं एलिव्हेशन, म्हणजे बाहेरून दिसणारं रूप, बदलतं, प्रत्येक खिडकीबाहेर लोखंडी स्टँड, त्याच्यावर टाकी, नळी गच्चीवरून सोडलेली, आणि जुलैत सगळं परत आत. हे आम्ही ड्रॉइंगमध्ये कधीच दाखवत नाही. थ्रीडी व्ह्यूमध्ये तर नाहीच नाही, तिथे युरोपातली झाडं आणि गोरी माणसं फिरत असतात.

त्या भिंतीत अजून एक गोष्ट आहे. जाळी आणि फ्रेमच्या मधल्या जागेतून माळी फिरतात, प्रत्येक मजल्यावर, त्यामुळे आत एसीत बसलेला साहेब आणि वेलींना हात लावणारा माणूस दिवसभर एकमेकांना दिसतात. असं दिसल्यानं वर्गभेद वितळतो हे मला काही पटत नाही, काचेतून बघून कोणाचा पगार वाढला आजपर्यंत. पण माळ्याला सर्व्हिसच्या जिन्यात लपवलं नाही आणि बिल्डिंगच्या तोंडावर आणलं, एवढं तरी मान्य करावंच लागतं.

कूलरचं जे म्हणलं, तेच खरं तर त्यांच्या लिखाणाचं मुख्य सूत्र आहे. एक शहर नकाशावरचं, विटा-काँक्रीट-स्टीलचं, हलत नाही. आणि दुसरं बांबू, ताडपत्री, पत्रा, कापडाचं, जे उभं राहतं आणि उठून जातं, फेरीवाले, मांडव, मिरवणुका, लग्नं, आणि दोन्ही एकाच जागेत राहतात. याच धाग्यावर 2013 च्या अलाहाबादच्या कुंभात हार्वर्डची टीम उतरली, नदीच्या पात्रात उभं राहणारं शहर, रस्ते, पूल, वीज, पाणी, संडास सगळं मोजलं, आणि 2015 ला त्याचं पुस्तक झालं.

ते वाचताना मला प्रयाग दिसतच नव्हतं, दीक्षाभूमी दिसत होती. स्तूपाबद्दल आम्ही शिकवतो, घुमट, व्यास, 2001 ला लोकार्पण, वगैरे. पण अशोक विजयादशमीच्या त्या दोन-तीन दिवसांत त्याच्या भोवती जे शहर उभं राहतं ते कुठे शिकवतो? रेल्वे स्टेशनपासून, अजनीकडून लोक पायी येतात, लाखांनी, भोजनदानाचे मंडप, टँकर, दवाखान्याचे तंबू, फुटपाथवर झोपायची सोय, आणि रस्ताभर पुस्तकं. जत्रेत पुस्तकं अशी विकली जाताना मी दुसरीकडे कुठे बघितली नाहीत. कोणता मंडप कुठे, पाणी कुठून, बाई माणसांचे संडास किती आणि किती लांब, परत जाताना लोंढा कुठे अडकतो, हे प्लॅन काढून मांडलेलं मला तरी कुठे सापडलं नाही. खरं सांगायचं तर ते आमचंच काम आहे, इथल्या कॉलेजांचं, हार्वर्डहून कोणी यायची वाट बघायची गरज नाही.

आता कोणी म्हणेल की हार्वर्डच्या पगारावर लिहिणं सोपं आहे. आहेच. माझ्यासारख्या व्हिजिटिंग शिक्षकाला लेक्चरमागे पैसे, तेही बिल पास झालं तर, वर ऑफिसचं भाडं, आणि क्लायंट म्हणणार एलिव्हेशन अजून एक ऑप्शन द्या ना मॅडम. त्यांचं इंग्रजीही मला कधी कधी जड जातं, एकच मुद्दा तीन निबंधांत फिरून येतो. तरी भारतातल्या आर्किटेक्चरवरच्या 2011 च्या पुस्तकात त्यांनी 1990 नंतरची आयटी पार्कची काच आणि आजही कारागिरांकडून दगडात घडणारी देवळं एकाच चौकटीत, समकालीन म्हणून, शेजारी शेजारी मांडली, त्याला नजर लागते आणि थोडी हिंमतही. आमच्यातले बरेच लोक देवळाला आर्किटेक्चर म्हणायला लाजतात, पिढ्यान्‌पिढ्या देवळं बांधणाऱ्या सोमपुऱ्यांचं काम ते, असं म्हणून मोकळे.

तर ठरवलंय की पुढच्या सेमला मेजर्ड ड्रॉइंगसाठी, म्हणजे जागा मोजून नकाशे काढायला, वाडा नाही घ्यायचा, दीक्षाभूमीचा दसरा घ्यायचा. भिंती नाही, टेप नाही, माणसं मोजायची, आणि शीटबरोबर प्रत्येकानं चार पानं मराठीत लिहायची, कॉपी पेस्ट चालणार नाही. एचओडी सरांना उद्या विचारते, ते आधी म्हणतील सिलॅबसमध्ये कुठे बसतं ते दाखवा. स्मारक समितीची परवानगी लागेल, भोजनदानवाल्या मंडळांशी सप्टेंबरातच बोलावं लागेल, आणि वर्गातल्या ज्या पोरापोरींच्या घरचे दरवर्षी तिथे स्टॉल लावतात किंवा पाणी वाटतात त्यांना गटप्रमुख करायचं, कारण त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहिती आहे. कालच्या त्या प्रश्नवाल्यालाही बोलवणार होते, पण तो म्हणे पुण्याला जॉबला चाललाय. बाकीच्यांपैकी किती येतात बघू, दसऱ्याची सुट्टी म्हणजे अर्ध्या हॉस्टेलनं तिकिटं आधीच काढलेली असणार.