फ्रँक ब्रूनो: हरला तरी लाडका

यूट्यूबवर जुनं बॉक्सिंग बघायला बसलं की अली, टायसन ही ठरलेली मंडळी येतातच, पण मी आपला फिरून फिरून ब्रिटिश हेवीवेट बॉक्सर फ्रँक ब्रूनोवर येऊन थांबतो. रेकॉर्ड तसं भारीच हां, 45 फाइट्स, 40 जिंकल्या, त्यातल्या 38 नॉकआउट. पण वर्ल्ड टायटलची फाइट आली की गडी आपटायचा. 1986 ला वेम्बलीत टिम विदरस्पूनने हरवलं, 1989 ला लास वेगासमध्ये टायसनने, 1993 ला कार्डिफमध्ये लेनॉक्स लुईसने. तीन चान्स, तिन्ही हुकले, आणि इंग्लंडमध्ये याची क्रेझ मात्र वाढतच गेली!

ती 89 ची फाइट बघाच एकदा. घंटा वाजून काही सेकंद होतायत तोवर ब्रूनो खाली. संपलं म्हणायचं, तर हा उठला आणि त्याच पहिल्या राउंडमध्ये त्याचा एक लेफ्ट हूक (डाव्या हाताचा बाजूने मारलेला ठोसा) असा बसला की टायसन लटपटला, म्हणजे कोण, टायसन, त्या काळातला! बीबीसीचा हॅरी कार्पेंटर एरवी एकदम सभ्य कॉमेंटेटर, पण त्यालाही राहवलं नाही, माइकवर सरळ ‘गेट इन देअर, फ्रँक!’ (घुस, फ्रँक!) म्हणून ओरडला, निःपक्षपातीपणा गेला खड्ड्यात. पाचव्या राउंडला रेफरीने फाइट थांबवली, पण अजून लोक बोलतात ते त्या हूकबद्दलच.

याच कार्पेंटरला इंटरव्ह्यूत दर दोन वाक्यांनी ‘नो व्हॉट आय मीन, ॲरी?’ (कळतंय ना, हॅरी?) म्हणायचं आणि पोटातून खदखदून हसायचं, एवढ्यावर हा माणूस घराघरात पोचला. मग एचपी सॉसच्या जाहिराती काय, नाताळात लहान मुलांसाठी पँटोमाईम असतात त्यात स्टेजवर काय, कशातच कमीपणा वाटला नाही त्याला. उलट लुईस बघा, बॉक्सर म्हणून दहा पट सरस (माझं मत, भांडायला या), जन्म लंडनचाच, पण वाढला कॅनडात, 1988 चं ऑलिंपिक गोल्डही कॅनडासाठी घेतलं, शिवाय स्वभाव थंड, बुद्धिबळ खेळणारा. त्याला ब्रिटिशांनी मान दिला, पण आपला म्हणायला फार वेळ लावला.

शेवटी 2 सप्टेंबर 1995, वेम्बली, समोर ऑलिव्हर मॅकॉल, ज्याने आदल्या वर्षी लुईसलाच झोपवलं होतं. बारा राउंड. शेवटच्या राउंडला ब्रूनो अक्षरशः मॅकॉलला मिठ्या मारून वेळ काढतोय, पाय चालत नाहीयेत, पण पॉइंट्सवर जिंकला आणि ढसाढसा रडला. असा मिळालेला डब्ल्यूबीसीचा (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलचा) वर्ल्ड टायटल बेल्ट त्याच्याकडे राहिला जेमतेम सहा महिने, मार्च 96 ला परत टायसन, या वेळी तिसऱ्याच राउंडला खेळ खलास, आणि डोळ्याच्या दुखापतीमुळे करिअरही तिथेच संपलं.

मग 2003 मध्ये मानसिक आजारामुळे त्याला हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं, तर ‘द सन’ या ब्रिटिश पेपरने पहिल्या पानावर हेडिंग दिलं, ‘बाँकर्स ब्रूनो लॉक्ड अप’, म्हणजे वेडा ब्रूनो कोंडला. त्यांना वाटलं असणार लोक हसतील. लोक असले भडकले की त्याच रात्री पुढच्या आवृत्तीत हेडिंग बदलावं लागलं, आणि हे ट्विटर वगैरे काही नसताना बरं का.