दारू सोडायची गोळी जिल्ह्याला

"दारू गावमाच मियस भाऊ, सोडानी गोयीसाठे जिल्हाले येनं पडस."

आज जळगावहून अमळनेरला येताना एसटीत शेजारच्या मावशी सहज बोलून गेल्या. खिडकीशी त्यांचा तिशीतला मुलगा. बस उभी असतानाही त्याचे हात थरथरत होते.

रेशन कार्डाच्या प्लास्टिक पिशवीत केसपेपर, मागे बाहेरच्या मेडिकलची चिठ्ठी. सरकारी खिडकीवर एक गोळी मिळाली, दुसरी म्हणे "पुढच्या महिन्यात बघा". बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून माझं भागतं, त्याचं पूर्ण लागतं, हाही हिशोब त्यांनीच सांगितला.

कायदा तसा भक्कम आहे हो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 मध्ये दारूच्या व्यसनातून होणारा मानसिक आजारही धरलाय. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर जिल्ह्यातच दुसरीकडे उपचार घ्या, खर्च सरकारचा, असंही त्यात आहे. मावशींना हे कुणी सांगितलं असेल? मला तर शंकाच आहे.

राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. खान्देशच्या वाट्याला एकही नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर मी त्यांना लिहून दिला. बोलायला माणूस मिळतो, हे खरंच चांगलं आहे. पण फोनमधून गोळी येत नाही.

दारूवरच्या उत्पादन शुल्काचा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात या गोळ्या ठेवायला त्यातला किती लागेल, हे आपल्या आमदारांना कुणी विचारलंय का?