मुलुंडच्या भिंतीतला एक स्क्रू

मुलुंडच्या एका घरातल्या हॉलमधलं भिंतीचं पॅनेलिंग आम्ही एप्रिलमध्ये पूर्ण केलं होतं. पश्चिमेची भिंत, 12 मिमी एमडीएफ (दाबलेल्या लाकूडतंतूंचा बोर्ड), त्यावर 35 मिमी मोल्डिंगच्या, म्हणजे नक्षीपट्टीच्या, चौकटी, पांढरा पीयू (पॉलियुरेथेन) रंग. ऑगस्टमध्ये त्या घरच्या काकूंचा फोन आला, "अहो, खालची पट्टी सुटलीय, हात लावला की फुगल्यासारखं लागतं."

पश्चिमेची भिंत म्हणून सगळ्यांना पावसाचाच संशय, मलाही. पण पावसाची ओल बहुतेक खिडकीच्या कोपऱ्यातून नाहीतर बीमखालच्या भेगेतून शिरते आणि वेडीवाकडी पसरते. इथे फुगवटा फूटभर रुंद, सरळ उभा, जमिनीपासून चार फुटांपर्यंतच. त्याच्या वर एमडीएफ ठणठणीत कोरडं. शेजारच्या बाल्कनीतून वाकून पाहिलं, बाहेरच्या गिलाव्याला कुठे भेग नव्हती.

पुट्टीच्या पात्याने मोल्डिंग उचकटून तेवढा भाग काढला. एमडीएफची कड बोटाने दाबली की ओल्या पुठ्ठ्यासारखे थर सुटत होते. 12 मिमीची कड मोजली तर 17 भरली. उभ्या बॅटनचे (एमडीएफमागे भिंतीला ठोकलेल्या पट्टीचे) बाकी स्क्रू चकचकीत, चार फुटांवरचा एकच गंजून तांबडा. त्याच रेषेत वर एसी. बाटलीभर पाण्यात कपड्यांची नीळ कालवून ती एसीच्या ट्रेमध्ये ओतली. दोन-तीन मिनिटांत त्या स्क्रूच्या गिट्टीतून (स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवतात ती खुंटी) निळा थेंब उतरला.

एसीचं पाणी नेणारा ड्रेन पाइप त्याच रेषेत भिंतीच्या आतून खाली येत होता आणि त्यावर गिलावा जेमतेम 15 मिमी. 50 मिमीच्या स्क्रूतले 19 मिमी बॅटनमध्ये गेले, उरलेले 31 भिंतीत. गिट्टीसाठी ड्रिल मारतानाच पाइप फुटला होता. पावसाळ्यात हवा दमट, त्यामुळे एसी पाणीही जास्त काढतो, म्हणून दोष पावसावर गेला. भोक आमच्या माणसाने पाडलेलं, त्यामुळे खर्च आम्हीच केला.

फूटभर गिलावा फोडून पाइपचा सहा इंची तुकडा बदलला, दोन कपलर (पाइप जोडायचे तुकडे) आणि सॉल्व्हंट सिमेंट (पाइपचा गोंद) लावून. दुसऱ्या दिवशी बादलीभर पाणी सोडून पाहिलं, मगच गिलावा भरला. एमडीएफच्या नवीन तुकड्यांच्या चारही कडांना आणि पाठीला प्रायमरचे दोन हात दिले (पहिल्या वेळी पाठ कोरीच राहिली होती, ही मोठी चूक). खाली 6 मिमी फट ठेवून पुढे पीव्हीसीचं स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) लावलं, म्हणजे लादी पुसताना पाणी कडेला पोचत नाही.

घाई केली नाही ती भिंत वाळण्यात. दोन फुटी प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवून 24 तास ठेवायचो. पहिल्या दोन वेळा भिंतीकडून दव धरलं. तिसऱ्या आठवड्यात प्लास्टिक कोरडं निघालं, तेव्हा पाइपची रेघ पेन्सिलने भिंतीवर आखली, फोटो काढून काकूंना पाठवला आणि बॅटन चार इंच सरकवून ठोकला.