तुम्ही विचारलंत म्हणून : घरात बुरशी वाढवता, भीती नाही वाटत?

प्रश्न नेहमी जोडीने येतो. आधी, ‘राहत्या घरात बुरशी वाढवता, भीती नाही वाटत?’ आणि त्याचं उत्तर अर्ध्यावर असतानाच, ‘बरं, वाढवायचीच तर सरळ धिंगरी लावा ना, हे किंग ऑयस्टरचं खूळ कशाला?’ लग्नात, लिफ्टमध्ये, वारज्यात भाजी घेताना, सगळीकडे हेच. बुरशी म्हणजे खायची अळिंबी, मशरूम. धिंगरी म्हणजे नेहमीचा ऑयस्टर मशरूम, आणि किंग ऑयस्टर हा त्याचाच जाडजूड भाऊबंद. तोंडी उत्तर देऊन मी थकले, म्हणून लिहितेय. दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, फक्त ते दोन वाक्यांत मावत नाही.

धिंगरी मी लावलेली आहे. पुष्कळ वर्षं लावली. पुण्याची हवा तिला मानवते. उन्हाळ्याचे दोन-तीन महिने सोडले तर गव्हाचं काड भिजवायचं, गरम पाण्यातून काढायचं, थर देत बी भरायचं आणि ड्राय बाल्कनीत पिशव्या टांगायच्या, की झालं. एका पिशवीतून दोन-तीन बहर सहज मिळतात. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे, तिथल्यासारख्या ठिकाणी कुणालाही पहिल्यांदा धिंगरीच शिकवतात, आणि तेच बरोबर आहे. मीही तेव्हा सगळ्यांना सांगायचे, आपल्या हवेत जे येतं तेच लावावं, इटलीचं पीक पुण्यात आणायचा हट्ट करू नये.

पण धिंगरीची एक गोष्ट शिकवण्याच्या ओघात एका ओळीत उरकली जाते. टोपी सपाट होऊन कड वर वळली की तिच्या खालच्या पडद्यांतून बीजाणू झडायला लागतात, आणि ते खूप झडतात. रात्री काढायची राहिलेली पिशवी सकाळी बघा. खाली वॉशिंग मशीनच्या झाकणावर मैद्यासारखी पांढरी पूड असते, बोट फिरवलं तर रेघ उमटते. जी खाली दिसते तेवढीच नसते, बाकीची हवेत असते. ही पूड विषारी नाही. पण रोज, बंद जागेत, भरपूर प्रमाणात श्वासात गेली तर काही माणसांच्या फुप्फुसांना तिची ॲलर्जी होते. ताप, कोरडा खोकला, जिना चढताना दम. अळिंबीच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांचा हा जुना आजार आहे.

आता आमच्या सोसायटीतली गोष्ट.

खालच्या मजल्यावरच्या आजोबांना खोकला लागला. दिवाळीनंतरची हवा, सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. थांबेना तेव्हा ते छातीच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, घरात पक्षी आहेत का, भिंतींना ओल आहे का, बुरशीशी संबंध येतो का? त्या संध्याकाळी त्यांचा मुलगा वर आला. दारातच उभा राहिला. ‘वहिनी, राग मानू नका, पण तुमच्या त्या पिशव्या...’ मी त्याला आत बोलावलं, पिशव्या दाखवल्या, पूडही दाखवली. टोपी उघडायच्या आत काढते, हेही सांगितलं. तो ऐकून गेला. आठवड्याभरात सेक्रेटरींचं पत्र आलं. त्याखाली ज्यांच्या सह्या होत्या, त्यातल्या निम्म्या घरांनी माझी धिंगरी फुकट खाल्लेली होती.

सभा पार्किंगमध्ये झाली, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून. मी माहिती छापून नेली होती. सेक्रेटरी म्हणाले, ‘ताई, एवढं नको. बुरशी आहे की नाही ते सांगा.’ मी म्हटलं, आहे. त्यानंतर कोण काय बोललं ते वेगळं काढता येणार नाही, इतका गलका झाला. कुणी म्हणालं, पावसाळ्यात आमच्या भिंती काळ्या पडतात त्याही हिच्यामुळेच. भिंतीवरची काळी बुरशी गळक्या पाइपाच्या ओलीवर येते, काडावरच्या धिंगरीशी तिचा काही संबंध नाही, हे मी तीनदा सांगितलं. माझे यजमान शेजारी बसले होते, मोबाइलकडे बघत.

आणि मग मी कबुतरं काढली. आजोबा रोज सकाळी गॅलरीच्या कठड्यावर ज्वारी टाकायचे. अख्ख्या बिल्डिंगने जाळ्या लावल्या, यांची गॅलरी तेवढी उघडी. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसांचा अगदी याच जातीचा आजार होतो आणि शहरांत डॉक्टर पहिला संशय तिच्यावरच घेतात. हे सगळं मी आजोबांसमोर, सगळ्यांसमोर बोलले. आजोबा काही म्हणाले नाहीत. चष्मा काढून पुसत राहिले. त्यांची बायको गेल्यापासून ते ज्वारी टाकत होते, हे मला माहीत होतं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

त्या दिवशीची मी मला अजून सांगते, तू खरं बोललीस. खरंच बोलले होते. एक शब्द खोटा नव्हता. पण कबुतरांचा धोका मोठा म्हणून माझ्या पिशव्यांचा धोका कमी होतो का? होत नाही. मग तो मुद्दा मी मांडला कशाला? ती म्हणते, कारण तुला एकटीला पकडलं होतं. हे बरोबर आहे. मी म्हणते, समोर म्हातारा माणूस होता. हेही बरोबर आहे. आमचं दोघींचं अजून मिटलेलं नाही.

पिशव्या मी दुसऱ्याच दिवशी काढल्या. आजोबांनीही ज्वारी बंद केली, जाळी बसवली. औषधं चालू होतीच. खोकला हळूहळू गेला. तीन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, त्यामुळे कशाने गेला हे आता कुणीच सांगू शकत नाही. सोसायटीपुरतं ते माझ्या नावावर लागलं आहे. आजोबा जिन्यात भेटतात, पूर्वी थांबायचे, आता मान हलवून पुढे जातात.

किंग ऑयस्टर यानंतरचा. खूळ म्हणा हवं तर, पण ते का आहे ते ऐका. हा मूळचा भूमध्य समुद्राभोवतालच्या कोरड्या माळांवरचा. जाडजूड पांढरा दांडा, वर छोटी टोपी. खायचा असतो तो दांडा. हवेत कार्बन डायऑक्साइड थोडा जास्त राहिला की दांडा लांबतो आणि टोपी लहानच राहते. धिंगरीला अशा कोंडलेल्या हवेत ठेवलं तर ती फुकट जाते, याचं मात्र त्यातच भलं होतं. म्हणजे याला बंद खोक्यात वाढवता येतं. टोपी लहान म्हणजे पडदे कमी, आणि काढायचा तो टोपीची कड अजून आत वळलेली असताना. माझा जुना सिंगल डोअर फ्रीज टेंपरेचर कंट्रोलरवर पंधरा अंशांच्या आसपास चालतो, आत एक छोटा पंखा आहे आणि बाहेर पडणारी हवा फिल्टरमधून जाते. उघड्यावर काही नाही.

कष्ट जास्त आहेत, नाकारत नाही. नुसतं काड भरलं तर पीक बेताचंच येतं, म्हणून लाकडाचा भुसा आणि गव्हाचा कोंडा. भुसा मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणते, प्लायवूडचा चुकूनही नाही. कोंडा आला की नुसतं उकळून भागत नाही, मोठ्या प्रेशर कुकरमध्ये दोन तासांच्या वर वाफ द्यावी लागते. कमी पडली की ट्रायकोडर्मा, म्हणजे दुसरीच एक हिरवी बुरशी, आलाच. माझा मावसभाऊ बारामतीकडे हरभऱ्याच्या मर रोगासाठी हाच ट्रायकोडर्मा विकत आणून जमिनीत घालतो, माझ्याकडे तो दिसला की पिशवी न उघडता पुन्हा कुकरमध्ये जाते. ती घरात उघडायची नाही, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

चांगली पिशवी पंचवीस अंशांना महिनाभरात पांढरी होते. मग वरचा थर चमच्याने हलका खरवडून ती फ्रीजमध्ये ठेवायची. काही दिवसांनी करड्या टोकांचे दाणे दाटीवाटीने उगवतात. सगळे ठेवले तर सगळेच किडमिडे राहतात, म्हणून दोन-तीन जोमदार ठेवून बाकीचे सुरीच्या टोकाने काढून टाकते. हे करताना हात अजून जड होतो. पाणी टोप्यांवर पडू द्यायचं नाही, पिवळे चिकट डाग पडतात. आणि मोठा बहर एकच. आडवे काप करून काळ्या मसाल्यात परतलेला दांडा खाल्ला नसेल, तर हिशेब विचारू नका.

इटलीचं पीक पुण्यात नको म्हणणारी मीच, आणि आज वीज जाळून त्याला थंडी पुरवते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा बारा-तेराच्या आसपास येतो तेव्हा फ्रीजला थोडा आराम मिळतो, एरवी नाही. हवेला धरून राहावं की शेजाऱ्याला? मी शेजारी निवडला, पण वीजबिल आलं की पुन्हा विचार करते.

भीतीचं विचारलंत. वाटते, म्हणूनच फ्रीज आहे आणि तोडणी करताना एन-९५ मास्क आहे. धोका शून्य आहे असं मी कुणाला सांगणार नाही. घरात दमा असेल, तान्हं बाळ असेल, तर उघड्यावर धिंगरीसुद्धा लावू नका, विचारायला आलात तरी मी बी देणार नाही. आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये आता नवं कुटुंब आलंय, लहान मूल आहे. सामान लागायच्या आधीच मी जाऊन सांगितलं, फ्रीज उघडून दाखवला. त्या मुलीने एवढंच मागितलं, ‘काकू, काढणार असाल त्या दिवशी आधी मेसेज करा, मी खिडकी लावून घेईन.’ तोडणीच्या आदल्या रात्री मी तिला मेसेज करते.