एनिड तलावातली उन्हाळी क्रॅपी : खोल जाणारी क्रँकबेट घेऊ नका

"उन्हाळ्यात मासा तळाला जातो, सगळ्यात खोल जाणारं क्रँकबेट घ्या," असं दुकानात सांगितलं आणि मी ऐकलं. (क्रॅपी ही इथली गोड्या पाण्यातली मासळी. क्रँकबेट म्हणजे चालत्या होडीमागे ओढलं की बुडी मारणारं नकली आमिष.) जुलैतला अख्खा शनिवार पाण्यात गेला, म्हणून हे लिहितोय.

मेंफिसहून आय-55 ने दक्षिणेला निघालं की मिसिसिपी राज्यात एनिड तलाव लागतो. योकोना नदीवरचं हे धरण 1952 सालचं. पांढऱ्या क्रॅपीचा 5 पौंड 3 औंसांचा जागतिक विक्रम 1957 मध्ये इथेच झाला. गरवणाऱ्याला एवढं कारण पुरतं.

नदीच्या जुन्या पात्राच्या कडेला बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत. आमिष त्यात अडकतं. काठी वाकते, रील करकरतं, मासा लागला वाटून छाती धडधडते. होडी पुढे जात राहते आणि दोरा तटकन तुटतो. अशी नऊ क्रँकबेट गेली, प्रत्येकी सात डॉलरची. त्या कडेवरून पुन्हा आमिष ओढत जाऊच नका. आणि आमिष सोडवायचं वजन (दोऱ्यावरून खाली सोडून अडकलेलं आमिष मोकळं करायचं) घेतल्याशिवाय होडी पाण्यात घालू नका, मी घेतलं नव्हतं.

रविवारी सोनारकडे, म्हणजे पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राकडे, नीट पाहिलं. 14 फुटांवर पुसट आडवा पट्टा दिसत होता. तिथून खालचं पाणी थंड, पण त्यात प्राणवायू नसल्यात जमा. मासे त्याच्या वर, 11-12 फुटांवर लटकलेले. क्रॅपी वर बघून खाते, त्यामुळे आमिष तिच्या डोक्यावरून गेलं पाहिजे, पोटाखालून नाही. बँडिट 300 हे क्रँकबेट, 10 पौंड ताण सोसणारा दोरा, होडीमागे 100 फूट सोडलेला, वेग ताशी 1.8 मैल. गुलाबी रंगाने तासाभरात सात दिले! दोरा मोजणारं रील हवंच, अंदाजाने सोडाल तर फसाल.

वळण लांबलचक घ्या, नाहीतर सगळ्या काठ्यांचा गुंता होतो. वळताना बाहेरची आमिषं जोरात पळतात, आतली मंदावतात. बाहेरच्या काठीला मासा लागला तर माशांना जोरात पळणारं आमिष हवंय, वेग वाढवा; आतल्या काठीला लागला तर कमी करा.

क्रॅपीचा ओठ कागदासारखा पातळ असतो. झटका दिलात की फाटलाच. होडीची ओढ पुरते, सावकाश आणा आणि जाळीत घ्या. 12 इंचांखालचा परत सोडा.



पहाटे साडेपाचला पाण्यावर असा. दहानंतर ॲल्युमिनियमच्या बाकाला हात लावता येत नाही.