बास म्हणजे बास

घणसोलीहून ठाण्याला परत येताना ट्रेनमध्ये समोरच्या काकांनी माझ्या मांडीवरच्या लांबलचक बॅगकडे बघून विचारलं, "काय, गिटार का?" मी म्हटलं, "बास." काकांचा चेहराच पडला, त्यांना वाटलं मी त्यांना गप्प बसवलं. मग रबाळे येईपर्यंत मी समजावत बसलो की काका तसं नाही हो, बास हे वाद्याचंच नाव आहे, गिटारसारखंच असतं पण तारा चारच आणि आवाज एकदम खालचा. काका जरा विचार करून म्हणाले, "दोन तारा कमी, म्हणून स्वस्तात मिळाली का?"

स्वस्तात मिळाली हे मात्र खरं. सांगितले होते ११ हजार, ठरली साडेआठ हजारांना. ज्याची होती त्याने आधी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलेला, त्यात बोटं भराभर हलतायत आणि आवाज फक्त टकटक टकटक, जसं कोणी कॅरमवर नखं वाजवतंय. मला वाटलं बिघडलेली आहे. नंतर लक्षात आलं की बिघाड फोनचा, म्हणजे बिघाड असा नाहीच, बासची सगळ्यात जाड तार सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते आणि फोनच्या त्या टिचभर स्पीकरला एवढा खालचा आवाज बाहेर काढायला जमतच नाही. वरवरचे सूर तेवढे येतात आणि खालचा सूर आपलं डोकंच भरून काढतं. तेव्हा फोनवर बास ऐकून विकत घेणं म्हणजे फोटो बघून आंबा घेण्यासारखं, प्रत्यक्ष जाऊन वास घेतल्याशिवाय काही खरं नाही.

म्हणून रविवारी गेलो. विकणारा माझ्याच वयाचा, पहिली पाच मिनिटं आम्ही एकमेकांना "तुम्ही, तुम्ही" करत होतो, बास हातात आल्यावर थेट "अरे तू"वर आलो. मी आधी शहाण्यासारखं सगळं तपासलं. सुतार फळी डोळ्याला लावून बघतो ना, सरळ आहे की वाकडी, तशी नेक, म्हणजे तारा ताणलेली ती लांब दांडी, बघायची. चार तारा मिळून ७० किलोच्या वर ओढ असते तिच्यावर, त्यामुळे आत एक लोखंडी सळई असते आणि ॲलन कीने ती पिळून बाक कमीजास्त करता येतो. मग एकेका फ्रेटवर (नेकवरच्या त्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बोट ठेवून कुठे तार चरचरते का ते ऐकायचं. सगळं ठीक होतं, फक्त आवाजाचं बटण फिरवलं की जुन्या रेडिओसारखं खर्रर्र. ते घरी येऊन क्लीनरचा एक फवारा मारल्यावर गेलं, पण तिथे मी चेहरा असा पाडला की त्या खर्ररचेच दीड हजार सुटले असतील. (बायकोने भाजी घेताना असाच चेहरा केला की मी लाजून लांब उभा राहतो.)

का विकतोयस असं विचारलं तर म्हणाला, "आमचा ड्रमर कॅनडाला गेला रे. ड्रमरशिवाय बास म्हणजे एकट्याने खो-खो." बॅगेत बास भरताना तिच्या वरच्या कडेवरून हात फिरवत होता, जिथे त्याचं मनगट टेकून टेकून पॉलिश उडालंय. आता तिथे माझं मनगट टेकतं, आणि गंमत म्हणजे माझं दोन बोटं अलीकडे टेकतं, म्हणजे त्याचा हात लांब असणार.

तर ही आहे फेंडरच्या जॅझ बास नावाच्या मॉडेलची कॉपी. अमेरिकेत गिटारी बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ला त्याची पहिली बास बाजारात आणली तिचं नाव प्रिसिजन, कारण उभ्या डबल बासवर पट्ट्या नसतात, सूर अंदाजाने शोधावा लागतो आणि हिच्यावर फ्रेट असल्याने बोट ठेवलं की सूर नेमका. जॅझ बास १९६०ची. नाव जॅझ आणि मी वाजवणार सुखकर्ता दुःखहर्ता, असो. आरडी बर्मनच्या गाण्यांत टोनी वाझ बासवर जे वाजवायचे ते मी आयुष्यभर ऐकलं आणि तिकडे कधी लक्षच दिलं नाही, आता उलटी पंचाईत, गाणं लागलं की गाणारा काय म्हणतोय ते ऐकूच येत नाही, कान थेट तळाला जातो.

पण खरी मजा ॲम्प्लिफायरशिवाय आहे. तो घेतलाच नाहीये अजून, कारण वर्तकनगरमधलं वनबीएचके आणि खाली राहणारे सोसायटीचे सेक्रेटरी. वायर न जोडता इलेक्ट्रिक बास वाजवली तर जेमतेम मच्छराएवढा आवाज येतो. एका रात्री कंटाळून तिचं डोकं बेडरूमच्या प्लायवूडच्या कपाटाला टेकवलं आणि तार छेडली, तर अख्खं कपाट बोललं! घुमलंच एकदम. फळी हलते, आतली हवा हलते, पाठ टेकून बसलं तर बरगड्यांत येतं. तेव्हापासून मी रोज जेवणं झाली की बास कपाटाला लावून बसतो, कोणी बघितलं तर वाटेल दोघांत काही खाजगी चाललंय.

पहिल्या दिवशी आई आतून ओरडली, "अरे कपाटात उंदीर शिरलाय बहुतेक." उंदीर नव्हता. जाड तारेकडून दुसऱ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी हा सूर वाजवला की वरच्या कप्प्यातला तिचा बांगड्यांचा डबा किणकिणायचा, बाकी कुठल्याच सुराला नाही, फक्त सीला. आईने लहानपणी नौपाड्यात दोन वर्षं गाणं शिकलेलं, ती येऊन कपाटाला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "हा तर तंबोऱ्यातला खर्ज वाटतोय, पण चाल कुठाय?" चाल नसते गं आई यात. "मग एवढे पैसे देऊन आणलंस काय?" असं म्हणत तिने डबा उचलून फ्रीजवर नेऊन ठेवला.

आता पावसाळ्यात ठाण्याची हवा अशी की मीठसुद्धा पाणी सोडतं, तिथे लाकडाचं काय. नेक जराशी हलते, तारा उतरतात. फोनवर ट्यूनर आहे, पण कपाटातल्या डब्यासारखा नाही, तार थोडी जरी उतरली तरी बांगड्या गप्प बसायच्या. परवा आई भजनाला गेल्यावर डबा गुपचूप परत वरच्या कप्प्यात ठेवला. तिला अजून कळलेलं नाही, किंवा कळलंय आणि बोलत नाहीये.