पायाचा नंबर चव्वेचाळीस

बर्लिनच्या हिवाळ्यात रस्त्यावर झोपणाऱ्याला काय हवं असतं, असं विचारलं की प्रत्येकाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ब्लँकेट. मी आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी ज्या रात्रनिवाऱ्यात कामाला जाते, तिथे सगळ्यात आधी संपतात ते मोजे. पुरुषांचे, जाड, गडद रंगाचे, युरोपीय मापाच्या ४३ ते ४६ नंबरच्या पायात जातील असे. त्याखालोखाल पुरुषांच्या आतल्या चड्ड्या, नव्या कोऱ्या. आणि दानात येतं काय? बायकांचे झुळझुळीत टॉप, लहान मुलांचे स्वेटर, कुणाच्या तरी लग्नात एकदाच घातलेला सूट. एका पिशवीतून तर उंच टाचांचे सोनेरी सँडल निघाले. देणाऱ्याचं मन मोठं असतं यात शंका नाही, फक्त त्याने आपलं कपाट पाहिलेलं असतं, समोरच्याचे पाय पाहिलेले नसतात.

आपल्याकडे म्हणतात, धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत. मला ही म्हण इथे आल्यापासून पटेनाशी झाली आहे. थंडीत तरी दात मोजावेच लागतात, आणि तेही देणाऱ्यानेच.

आई फोनवर अजूनही विचारते, "अगं, जर्मनीत कुठले आलेत बेघर? तिथलं सरकार तर सगळ्यांना पोसतं ना?" पोसतं, पण कागदपत्रं असतील तर, रांगेत उभं राहण्याइतकं डोकं ठिकाणावर असेल तर. बर्लिनने जानेवारी २०२० मध्ये एका रात्री शहरभर स्वयंसेवक पाठवून रस्त्यावरच्या आणि निवाऱ्यांतल्या बेघरांची मोजणी केली, तेव्हा १,९७६ माणसं सापडली. संस्थांचं तेव्हाही म्हणणं होतं की खरा आकडा याहून बराच मोठा आहे, कारण तळघरांत आणि झाडीत लपून झोपणारा माणूस मोजायला आलेल्यांना थोडाच हात वर करून दाखवणार? ज्यांना सरकारने किंवा संस्थांनी तात्पुरतं छप्पर दिलंय त्यांचा हिशोब वेगळा. तो आकडा अख्ख्या जर्मनीत जानेवारी २०२४ च्या शेवटी चार लाखांच्या वर होता, आणि त्यात युक्रेनमधून आलेले निर्वासितही बरेच होते. घरभाडं गेल्या दहा-पंधरा वर्षांत इतकं चढलंय की नोकरी गेली, घटस्फोट झाला, दारू लागली किंवा मन आजारी पडलं, यातलं एक कारणही माणसाला बाहेर काढायला पुरतं. शिवाय पोलंड, रोमानिया, बल्गेरियातून बांधकामावर किंवा हॉटेलात कामाला आलेले खूप जण असतात. मुकादमाने पैसे बुडवले की खोली जाते, आणि युरोपीय संघाचे नागरिक असले तरी त्यांना इथले सामाजिक भत्ते सहजी मिळत नाहीत.

आमचा निवारा एका चर्चच्या तळमजल्यावर आहे. शहरातली अशी सगळी ठिकाणं मिळून जी व्यवस्था होते तिला इथे 'केल्टेहिल्फे' म्हणतात, म्हणजे थंडीतली मदत. १९८९ पासून चर्च, सेवाभावी संस्था आणि बर्लिनचं सरकार मिळून ती चालवतात. ऑक्टोबरमध्ये पहिली दारं उघडतात, नोव्हेंबर ते मार्च पुरा जोर असतो. सगळ्या ठिकाणच्या मिळून हजारभर खाटा. रात्री आत यायचं, गरम जेवायचं, झोपायचं, सकाळी न्याहारी करून बाहेर पडायचं. नाव, गाव, पासपोर्ट कुणी विचारत नाही. दारात फक्त दारूची बाटली आणि चाकू ठेवून घेतात, सकाळी बाटली परत देतात. पहिल्यांदा हे पाहून मला आश्चर्य वाटलं होतं. आमच्या चमूत एक निवृत्त नर्सबाई आहेत, त्या म्हणाल्या, "बाटली काढून घेतली तर तो उद्या येणार नाही. आणि मला तो उद्या यायला हवाय."

या बाईंकडून मी थंडीबद्दल जे शिकले ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते. बर्लिन म्हणजे काही सायबेरिया नाही. जानेवारीतल्या बहुतेक रात्री शून्याच्या आसपासच घुटमळतात, उणे दहा क्वचितच. पण डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो, आणि जी थंडी असते ती ओली. तीन-चार अंश, वर झिमझिम पाऊस आणि वारा. कोरड्या उणे पाचपेक्षा हा गारठा घातक, कारण कपडे ओले झाले की अंगातली ऊब भराभर जाते, आणि सुती कपडे तर वाळतच नाहीत. दुसरं म्हणजे थंडी जितकी वरून लागते त्याहून जास्त खालून लागते. फरशी अंगातली ऊब ओढून घेते. म्हणून जुनी, मुरलेली माणसं आधी पुठ्ठे गोळा करतात, त्यावर फोमची मॅट, मग स्लीपिंग बॅग. नुसतं ब्लँकेट पहिल्या पावसात भिजून चारपट जड होतं, आणि दिवसभर ते घेऊन फिरणार कुठे? सकाळी बाकावर टाकून दिलेली ओली ब्लँकेटं इथे जागोजागी दिसतात.

तिसरी गोष्ट दारूची. घोट घेतला की ऊब वाटते हे खरं, पण ती कातडीपुरती. रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली ऊब बाहेर येते आणि निघून जाते, वर थंडी कळेनाशी होते ते वेगळंच. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की माणूस अडखळत बोलतो, तोल जातो, काहीतरी असंबद्ध बडबडतो. बघणाऱ्याला वाटतं, झिंगलाय, आणि तो पुढे निघून जातो. बाई सांगतात, कुडकुडणारा माणूस बरा. कुडकुडायचा थांबला आणि तरी थंडीतच पडलेला असेल तर लगेच ११२ ला फोन करायचा.

त्यांचं पाय बघण्याचं काम मी जवळून पाहिलंय. एक उंच, पन्नाशीचा माणूस खुर्चीत बसला होता. त्याचे बूट काढायलाच वेळ लागला, कारण नाड्या ओल्या होऊन घट्ट बसल्या होत्या. मोजा सोलूनच काढावा लागला. तळवे पांढरेफटक, सुरकुतलेले, बोटांच्या बेचक्यात भेगा. बाईंनी हातमोजे चढवले, कोमट पाण्याने पाय धुतले, एकेक बेचकं टॉवेलने टिपून कोरडं केलं, मलम लावलं. मी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होते. रात्रभरात ते ओल शोषून घेतात, मध्ये एकदा बदलावे लागतात. मग त्याने विचारलं, काळे मोजे आहेत का? पांढरे नकोत, पांढऱ्यावर मळ दिसतो. पायाचा नंबर चव्वेचाळीस. कपाटात त्या रात्री बेचाळीसच्या वर काही नव्हतं. नर्सबाई आत गेल्या आणि सहकाऱ्याच्या जिमच्या बॅगेतून त्याचे मोजे घेऊन आल्या. सहकारी 'अहो' म्हणेपर्यंत ते त्या माणसाच्या पायात होते.

तरी बरेच जण निवाऱ्यात येतच नाहीत. कुत्रा घेऊन येऊ देणारी ठिकाणं मोजकी आहेत, आणि कुत्र्याला बाहेर सोडून आत झोपणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. जोडप्यांना वेगळं झोपावं लागतं. एका खोलीत दहा-बारा जण, कुणी रात्रभर खोकतो, कुणी ओरडतो, कुणाची चप्पल चोरीला जाते. बायकांना तर पुरुषांच्या गर्दीची भीती वाटते, त्यांच्यासाठी वेगळी ठिकाणं आहेत पण कमी.

अशांसाठी रात्री गाड्या फिरतात. बर्लिनर श्टाटमिशन या संस्थेची 'केल्टेबुस' १९९४ पासून फिरते, एक बेघर माणूस गारठून गेल्यानंतर ती सुरू झाली. रेड क्रॉसचीही वेगळी गाडी आहे. रस्त्यात कुणी पडलेला दिसला की फोन करता येतो. गाडी चहा, सूप, स्लीपिंग बॅग घेऊन येते, आणि माणूस तयार असेल तर त्याला निवाऱ्यात पोचवते. पण एक अट आहे: फोन करायच्या आधी त्या माणसाला विचारायचं. बोलता येत असेल तर त्यालाच विचारा, तुम्हाला कुठे जायचंय का, काही हवंय का. हे वाचायला किती सोपं वाटतं! मी आणि माझा नवरा एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकल रेल्वेच्या, पुलाखाली स्लीपिंग बॅगेत झोपलेल्या एकाजवळ उभे होतो तेव्हा आम्हाला दोघांनाही तोंड उघडवेना. नवरा पुण्यात कुणाशीही गप्पा मारणारा, पण इथे त्याची मान खाली. शेवटी मीच वाकून, अहो-जाहो करत, गाडी बोलवू का म्हणून विचारलं. आतून आवाज आला, "नको. सिगारेट आहे का?" सिगारेट नव्हती. त्याने शुभ रात्री म्हटलं आणि चेन वर ओढली. नवरा घरी येईपर्यंत गप्प होता, आणि मग म्हणाला, नाही म्हणायचा हक्क त्यालाही आहेच की.

पुण्यातल्या डिसेंबरातले ब्लँकेट वाटपाचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतात तेव्हा मला हा माणूस आठवतो. फुटपाथवर झोपलेल्याच्या अंगावर ब्लँकेट टाकताना चार जण कॅमेऱ्याकडे बघत हसतायत आणि ज्याच्या अंगावर पडतंय तो डोळे चोळत उठतोय. गाडगेबाबांनी उघड्यानागड्यांना वस्त्र आणि बेघरांना आसरा सांगितला तो एका श्वासात, आणि स्वतः धर्मशाळा बांधून दाखवल्या. आपण त्यातलं वस्त्र तेवढं उचललं, कारण त्याचा फोटो चांगला येतो. असो, हे जरा कडू झालं.

आमच्या मराठी मंडळींनी संक्रांतीला निवाऱ्यात जेवण द्यायचं ठरवलं तेव्हा बैठकीत पहिली यादी आली ती पावभाजी, छोले आणि गुळपोळीची. नर्सबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, मऊ द्या, इथे निम्म्या लोकांना नीट दात नाहीत. गुळपोळी बाद झाली. तिळाचे लाडूही. मग मुगाची आसट खिचडी आणि वरण केलं, तिखट जवळजवळ नाहीच, तूप मात्र सढळ हाताने. जर्मन लोकांना मसुराचं सूप लहानपणापासून माहीत असतं, त्यामुळे वरण कुणाला परकं वाटलं नाही. फक्त एका आजोबांनी वाटी पुढे करून व्हिनेगर मागितलं, कारण इथे डाळीच्या सुपात ते घालतातच. आमच्यातल्या एका काकूंचा चेहरा बघण्यासारखा झाला. साजूक तुपाच्या वरणात व्हिनेगर! आजोबांनी तीन वाट्या खाल्ल्या.

इथे नव्याने येणाऱ्या मुलांना आता मी एवढंच सांगते. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचे आणि कॅनचे दुकानात २५ सेंट परत मिळतात, बिअरच्या काचेच्या बाटलीचे ८. स्वतः परत करायचा कंटाळा असेल तर कचरापेटीत टाकू नका, पेटीच्या बाजूला उभी करून ठेवा. म्हणजे बाटल्या वेचून चार पैसे जमवणाऱ्याला घाणीत हात घालावा लागत नाही. कपडे द्यायचे असतील तर आधी त्या ठिकाणाची यादी बघा; बहुतेक संस्था आज काय हवंय ते वेबसाइटवर लिहितात. आणि धुऊन द्या.

मार्चअखेर आमची दारं बंद होतात. एप्रिलमध्ये इथे पहाटे गवतावर दव गोठलेलं मी कितीदा पाहिलंय, पण अनुदान हिवाळ्यापुरतं असतं आणि चर्चला तळमजला मुलांच्या वर्गांसाठी परत हवा असतो. शेवटच्या सकाळी न्याहारीनंतर आम्ही प्रत्येकाला उरलेले मोजे, एक मॅट आणि शहरात वर्षभर उघड्या असणाऱ्या मोजक्या जागांचा कागद देतो. त्या जागांसमोर त्याच संध्याकाळपासून रांग लांबते. मेमध्ये आमच्या चमूची बैठक आहे. या वेळचा विषय, गेल्या दोन उन्हाळ्यांत लागलेल्या टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या या वर्षी कुठून आणायच्या.